हवेचे चाक

मुरबाडकडून माळशेज घाट चढून वर आले, की पुढे जुन्नर तालुक्यातील मढ हे गाव लागते. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते आणि रस्ता ओला व निसरडा होतो. अशा रस्त्यावर गाडीने थोडी जरी दिशा सोडली, तरी जिवावर बेतू शकते.

मुलांनो, अशी कल्पना करा. श्रावणातली सकाळ आहे. एक गृहस्थ आपल्या मुलाला मोटारसायकलवर मागे बसवून घाट चढून मढला आले आहेत. घाटाखाली त्यांच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले होते. तेथे घाईघाईने पंक्चर काढून चाक पुन्हा बसवले. पण तेव्हापासून गाडी नीट चालेना. मागचा भाग डुलत होता आणि गाडी एका बाजूला ओढत होती.

मढला एका म्हाताऱ्या मिस्त्रींपाशी त्यांनी गाडी थांबवली. मिस्त्रींनी लगेच पाना हातात घेतला नाही. त्यांनी आधी काही गोष्टी विचारल्या. हा त्रास पंक्चर होण्यापूर्वी होता की नंतर सुरू झाला? हँडल थरथरते की मागचा भाग डुलतो? मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिले आणि चाकाला हात लावला.

जनावरांचा डॉक्टरही असेच करतो. बैल लंगडू लागला, तर कोठे दुखते ते त्याला सांगता येत नाही. डॉक्टर त्याची चाल पाहतो, पाय चाचपतो आणि हळूहळू दुखण्याच्या जागेपर्यंत पोहोचतो. गाडीलाही वाचा नसते. आणि योगायोग असा, की ज्यांच्यामुळे हवेचे टायर जगभर पोहोचले, ते गृहस्थ जनावरांचे डॉक्टरच होते. त्यांचे नाव जॉन बॉईड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरा येथे त्यांनी पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले. १८६७ साली ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला दवाखाना थाटला. त्या काळी गाड्या ओढण्यासाठी घोडे लागत. त्यामुळे पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. डनलॉप यांचा दवाखाना मोठा झाला आणि त्यांना चांगला मान मिळाला.

त्यांना एक लहान मुलगा होता. त्याच्याकडे तीन चाकांची सायकल होती. त्या काळी सायकलच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवत. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते. त्यांवरून सायकल चालवताना मुलाला फार धक्के बसत. वडिलांनी हे पाहिले. आपल्या मुलाची सायकल सुखाने आणि वेगाने कशी चालेल, याचा ते विचार करू लागले.

१८८७ साली त्यांना उपाय सुचला. त्यांनी रबराच्या पातळ पत्र्याची नळी तयार केली. ती एका लाकडी चकतीच्या कडेला बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग अंगणात त्यांनी दोन चाके एकामागून एक लोटून पाहिली. एक मुलाच्या सायकलचे जुने चाक आणि दुसरे हवेचे. जुने चाक थोडे गडगडून पडले. हवेचे चाक मात्र थेट अंगणाच्या फाटकापर्यंत गेले आणि खांबावर आपटून मागे उसळले. डनलॉप यांची खात्री पटली. त्यांनी मुलाच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले.

हे असे का झाले? भरीव चाक खड्यावर आदळले, की सगळी गाडी उचलली जाते आणि तिचा वेग वाया जातो. हवेचे टायर खड्याभोवती थोडे दबते आणि पुन्हा फुगते. धक्का टायरच गिळतो. गाडीचे वजन रबर पेलत नाही, तर रबराच्या आत कोंडलेली हवा पेलते.

डिसेंबर १८८८ मध्ये डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले. तरीही लोकांचा विश्वास बसत नव्हता. जाडजूड टायरांची सायकल पाहून लोक हसत. विली ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने मात्र असे टायर घेतले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती झाल्या. ह्यूम याने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. हसणारे लोक गप्प झाले. हार्वी द्यू क्रो या डब्लिनच्या उद्योजकाने हवेचे टायर बनवणारी कंपनी उभी करण्यात पुढाकार घेतला. डनलॉप यांनी आपले हक्क तिला दिले.

पण एक मोठी अडचण राहिलीच होती. ती म्हणजे पंक्चर. डनलॉप यांचे टायर कापडाने व रबराच्या द्रावणाने चाकाला चिकटवलेले असे. काटा किंवा खिळा रुतला, की ते सोलून काढावे लागे. छिद्र बुजवून पुन्हा चिकटवायचे आणि मग ते वाळेपर्यंत थांबायचे. फ्रान्समध्ये एक सायकलस्वार असे पंक्चर झालेले टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास लागले आणि वाळवण्यात रात्र गेली. दुसऱ्या दिवशी थोडे अंतर गेल्यावर टायर पुन्हा बसले!

ही अडचण इतरांनी सोडवली. १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली आणि त्यासाठी मध्यभागी खोलगट असलेली रिम योजली. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या कडेत अडकून बसणारे टायर तयार केले. १८९१ साली मिशेलिन बंधूंनी सहज काढता येणारे टायर आणले. आज आपल्या गावातले मिस्त्री दोन पात्या घालून टायर उघडतात, ट्यूब बाहेर काढतात आणि थोड्या वेळात पंक्चर काढून देतात. याचे श्रेय या सर्वांना आहे.

डनलॉप यांच्या वाट्याला याच सुमारास एक धक्का आला. त्यांच्या आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटलंडच्याच तरुणाने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, असे उघडकीस आले. तेव्हा थॉमसन अवघे २३ वर्षांचे होते. त्यांची चाके घोडागाड्यांवर उत्तम चालली होती; पण त्या काळी सायकली घरोघर नव्हत्या आणि चांगले पातळ रबरही मिळत नव्हते. त्यामुळे लोक तो शोध विसरून गेले. डनलॉप यांना त्याची माहिती नव्हती. तरी पहिला मान थॉमसन यांचा ठरला आणि १८९० साली डनलॉप यांचे पेटंट रद्दबातल ठरले.

कंपनी मात्र वाढत गेली. १८९६ साली ती ३० लाख पौंडांना विकली गेली. डनलॉप त्याआधीच कंपनीतून बाहेर पडले होते. त्यांच्या नावावर इतरांनी अपार धन मिळवले. त्यांच्या हाती त्या मानाने थोडेच आले. उरलेले आयुष्य त्यांनी डब्लिनमध्ये साधेपणाने घालवले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. डनलॉप यांनी थॉमसन यांचा शोध चोरला नव्हता. मुलाच्या प्रेमापोटी आणि स्वतःच्या बुद्धीने ते त्याच ठिकाणी पोहोचले होते. थॉमसन यांनी वाट दाखवली, डनलॉप यांनी ती वाट लोकांच्या वापरात आणली.

आता पुन्हा मढला येऊ या. मिस्त्रींनी प्रथम मागच्या टायरची हवा मापकाने मोजली. हवा कमी असली, तर मागचा भाग डुलतो. पुढच्या चाकात हवा कमी असली, तर हँडल जड होते. हवा जास्त झाली, तर गाडी उसळते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. येथे हवा ठीक होती.

मग त्यांनी चाक हाताने फिरवून टायरची कड पाहिली. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. ती एखाद्या जागी आत गेली असेल, तर टायर नीट बसलेले नाही असे समजावे. मग हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून पुन्हा हवा भरावी लागते. येथे रेघही ठीक होती.

पुढे त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले. बेअरिंग सैल नव्हते. आरेही घट्ट होते. शेवटी त्यांनी चाकाच्या दांड्याजवळ, चेन ताणण्याच्या जागी असलेल्या खुणा पाहिल्या. डाव्या आणि उजव्या बाजूच्या खुणा जुळत नव्हत्या! घाईत चाक तिरके बसवले गेले होते. दोष पंक्चरचा नव्हता. चाक बसवण्याचा होता. मिस्त्रींनी नट सैल केला, दोन्ही खुणा सारख्या केल्या आणि चेन योग्य तेवढी ताणली. नट घट्ट आवळून त्यांनी ब्रेकही तपासला. मग मुलाला खाली ठेवून वडिलांना सावकाश एक फेरी मारून यायला सांगितले. गाडी सरळ चालली. मुलगा पुन्हा मागे बसला आणि दोघे ओतूरच्या दिशेने निघाले.

बेलफास्टच्या त्या वडिलांनाही एवढेच हवे होते, की आपल्या मुलाचा प्रवास सुखाचा व्हावा. नीट पाहणे, एका वेळी एकच गोष्ट तपासणे आणि दोष सापडल्याशिवाय हत्यार न उचलणे, ही पशुवैद्याची सवय मिस्त्रींच्या हाती असली, तर रस्त्यावरचा प्रत्येक प्रवासी सुखरूप घरी पोहोचेल.

शब्दार्थ

निसरडा – पाय किंवा चाक घसरेल असा
पशुवैद्य – जनावरांचा डॉक्टर
वाण – कमतरता
भरीव – आत पोकळी नसलेले
रद्दबातल – कायद्याने निकामी झालेले
आरे – चाकातील तारा, स्पोक

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डनलॉप यांचा जन्म कोठे झाला?
(आ) डनलॉप कोणता व्यवसाय करत होते?
(इ) विली ह्यूम याने किती शर्यती जिंकल्या?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डनलॉप यांनी अंगणात कोणता प्रयोग केला?
(आ) डनलॉप यांच्या टायरचे पंक्चर काढणे कठीण का होते?
(इ) मढच्या मिस्त्रींनी दोष कसा शोधून काढला?

३. कारणे द्या.
(अ) लोक थॉमसन यांचा शोध विसरून गेले.
(आ) पंक्चर काढल्यावरही गाडी एका बाजूला ओढत होती.

४. वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, खात्री पटणे, उघडकीस येणे

५. उपक्रम
तुमच्या गावातील सायकल किंवा मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना भेटा. चाक पुन्हा बसवल्यावर ते काय काय तपासतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.