लोकांनी दिलेली पदवी : कलामहर्षी बाबूराव पेंटर

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी मी ज्यांचे चरित्र निवडले आहे ते संत नव्हते, पुढारी नव्हते, की पदवीधर विद्वानही नव्हते. ते आपल्या कोल्हापूरचे एक कारागीर होते. बाबूराव पेंटर हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण त्यांचे मूळ आडनाव पेंटर नव्हे, मेस्त्री, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पेंटर ही लोकांनी दिलेली पदवी. ती कोणत्याही विद्यापीठाची नाही, तिचा कागद नाही, तरी ती अशी चिकटली की मूळ आडनाव मागे पडले. ही पदवी त्यांना कशी मिळाली, आणि त्यांच्या कामाला हातभार लावणाऱ्या बायकांच्या वाट्याला तसे नाव का आले नाही, हे मला सांगायचे आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी मेस्त्री. लाकूडकाम, लोखंडकाम, रंगकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरील कोरीव काम, सगळ्यांत त्यांचा हात चाले. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण थोडकेच झाले. चित्रकला शिकवणारी मोठी शाळा त्या वेळी मुंबईत होती, पण ते तिथे गेले नाहीत. त्यांची शाळा म्हणजे घरची ओसरी आणि वडिलांची हत्यारे. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघांनी पाहून पाहून, चुकून चुकून विद्या मिळवली. भगिनींनो, पुरणपोळीची कणीक किती सैल ठेवावी हे आपल्याला तरी कोणी फळ्यावर लिहून शिकवले? आईच्या हाताकडे पाहत शिकलो. मात्र असे शिकलेले शिक्षणात धरायची आपल्याकडे रीत नाही.

त्या काळी संगीत नाटकांचा मोठा जोर होता. नाटकाच्या मागे राजवाडा, रस्ता, अरण्य असे रंगवलेले भव्य पडदे सोडत. हे काम दिसते तितके सोपे नसते. कापड सपाट, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला महालाचे खांब दूरवर गेलेले दिसले पाहिजेत. शिवाय दिव्याच्या उजेडात रंग वेगळे दिसतात, त्याचाही अंदाज लागतो. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव या कामात पश्चिम हिंदुस्थानात नावाजले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीही त्यांनी पडदे रंगवले. नाटक मंडळीच्या मालकाला दाखल्याची गरज नव्हती. पडदा उघडला की परीक्षा तिथल्या तिथे होई, आणि परीक्षक म्हणून सारे थिएटर बसलेले असे. तेव्हापासून हे दोघे भाऊ पेंटर झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना चित्रपटाचे वेड लागले. फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या रंगाऱ्यांना ते परवडणारे नव्हते, आणि लवकरच महायुद्धही सुरू झाले. मग त्यांनी ठरवले की कॅमेरा आपणच करायचा. चित्रपट दाखवण्याचे यंत्र त्यांनी मिळवले आणि त्याचा अभ्यास केला. त्या यंत्रात फिल्म एका चौकटीपुढे क्षणभर थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. कॅमेऱ्यातही तेच घडते. फरक इतकाच की एकातून उजेड बाहेर जातो आणि दुसऱ्यात तो आत येतो. वाचताना हे सोपे वाटेल, पण पट्टी ठरावीक वेगाने सरकली नाही आणि उजेड जरासा जरी कुठून शिरला तरी सगळे फुकट. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचा उजवा हात गेला. तरी त्यांनी काम टाकले नाही. हाताखालचे शिष्य विष्णुपंत दामले यांना घेऊन त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. घरच्या कारागिरीतून आलेल्या माणसाने, घरच्या हत्यारांनी, स्वतः केलेला कॅमेरा!

यंत्र झाले, पण चित्रपटाला पैसा लागतो. ज्याच्याजवळ पदवी नाही, इस्टेट नाही, त्याला पैसा कोण देणार? इथे एक बाई पुढे आली. तिचे नाव तानीबाई कागलकर. त्या गायिका होत्या. स्वतः साधनेने विद्या मिळवलेली असल्यामुळे दुसऱ्याची विद्या ओळखायला त्यांना कागद लागला नाही, असे मला वाटते. त्यांनी दिलेल्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. राजर्षी शाहू छत्रपतींचा आश्रयही कंपनीला लाभला. शाहू महाराजांच्या आश्रयाची आठवण सर्वजण काढतात आणि ती काढलीच पाहिजे. तानीबाईंचे नाव मात्र आपल्या किती मुलींना माहीत आहे?

कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक भ्याले, आणि सरकारने तो भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि ‘सिनेमा केसरी’ म्हणून त्यांचा गौरव केला. टिळक स्वतः पदवीधर, कायद्याचे पंडित. त्यांनी बाबूरावांचे शिक्षण पाहिले नाही, काम पाहिले.

याच चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी कामे केली. त्या काळी चित्रपटात तोंड दाखवणे बाईला कलंक वाटे. ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीसुद्धा पुरुषानेच केली होती. या दोघींना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी बदलली. आता पाहा, एकाच चित्रपटाने बाबूरावांना पदक मिळाले आणि या दोघींचे घर सुटले, नावही गेले. बाबूरावांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. त्यांनी या स्त्रियांना कामही दिले आणि जागाही दिली. पण कसबाची कदर करताना समाजाचे तराजू पुरुषाला एक आणि बाईला दुसरे होते, हे लिहून ठेवले पाहिजे.

पुढे कंपनीत नवनवी कामे झाली. रंगीत पडद्यांची सवय असलेल्या या पेंटरनेच चित्रपटातले सपाट पडदे काढून त्या जागी खरेखुरे उभे देखावे आणले. चित्रणाच्या आधी ते प्रत्येक प्रसंगाचे आणि पोशाखाचे चित्र काढून ठेवीत. जाहिरातीची मोठी चित्रेही स्वतः रंगवीत. १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात त्यांनी रात्रीचे प्रसंग दिव्यांच्या उजेडात टिपले. ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाला लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळाले. १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ आला. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या त्या जमान्यात त्यांनी कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. आपल्या भागात ही गोष्ट कोणाला परकी आहे?

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती कंपनीत मिळणारी शिकवण. तिथे तास नव्हते, परीक्षा नव्हत्या. मुलगा आला की त्याने झाडलोट करावी, सामान उचलावे, रंग घोटावे आणि पाहावे. ज्याचा हात ज्या कामात चालेल ते काम त्याला मिळे. दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम ही सगळी माणसे तिथे तयार झाली. १९२९ साली त्यांनी कंपनी सोडली आणि कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचा १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पुढे प्रभात बंद पडली, आणि १९६० साली भारत सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली, ती पुण्यात प्रभातच्याच आवारात! ज्या जागेत दाखला नसलेल्या माणसांनी चित्रपट केले, त्याच जागेत आज त्या विद्येचा दाखला मिळतो.

शिष्य गेल्यावर बाबूरावांच्या कंपनीला उतरती कळा लागली. १९३१ साली बोलपट आले आणि त्याच वर्षी कंपनी बंद झाली. त्यांनी पुढे काही बोलपट केले, ‘सावकारी पाश’ही १९३६ साली पुन्हा केला. पण पहिले दिवस परत आले नाहीत. कंपनी गेली तरी हातातले कसब कोणी काढून घेतले नव्हते. ते पुन्हा चित्रे आणि मूर्ती यांकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा. आपण अंबाबाईच्या दर्शनाला जातो तेव्हा तो वाटेत दिसतो. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव वारले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत, पण नाव उरले आहे.

हे चरित्र मी केवळ अभिमानासाठी सांगितले नाही. आपल्या गडहिंग्लजच्या आसपास गुऱ्हाळे चालतात. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या सांगतो. त्याचा शब्द शेवटचा. चार क्षण इकडेतिकडे झाले तर सगळा गूळ बिघडतो. त्याला कोणी शाळा विचारत नाही. पण मिरचीच्या बाजारासाठी देठ खुडणारी बाई नुसत्या वासावरून आणि रंगावरून माल कुठला ते सांगते, तिला आपण नुसती मजूर म्हणतो. गुळव्याला नाव आहे, हिला नाही. तानीबाईंचे आणि गुलाबबाईंचे झाले तेच हे.

आता काळ थोडा बदलला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, काम करता करता मिळवलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. ही गोष्ट चांगलीच आहे. पण सरकारने कागद देण्याच्या आधी शेजाऱ्यांनी नाव द्यावे लागते. बाबूरावांना पेंटर म्हणणारे पहिले लोक सरकारचे नव्हते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या सभासदांच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे शिक्षणाचा रकाना आहे. माझ्या नावापुढे सातवी लिहिले आहे, काहींच्या पुढे नुसती आडवी रेघ आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात प्रत्येकीला काय येते ते लिहावे. शिवण, बाळंतिणीची देखभाल, शंभर पानांचा स्वयंपाक, भिशीचा चोख हिशेब, जे असेल ते. मात्र ते जिचे तिने लिहू नये. जिने तिचे काम डोळ्यांनी पाहिले आहे अशा दुसऱ्या भगिनीने लिहावे आणि खाली सही करावी. कोणाला शिवणाचे काम हवे असेल, कोणाला कार्याला आचारीण हवी असेल, तर मंडळाने ती वही उघडून दाखवावी आणि योग्य मोबदलाही सांगावा. येत्या सभेत यावर विचार व्हावा, ही विनंती.