गो. नी. दांडेकर : भटके आयुष्य आणि जागा न सोडणारी माणसे

पुणे जिल्ह्यात नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता मार्गासनी, विंझर अशी गावे मागे टाकीत गुंजण मावळात शिरतो. एका अंगाला राजगड आणि पुढे तोरणा, अशा दोन दुर्गांच्या सावलीतला हा मुलूख. रायगडापूर्वीची शिवाजी महाराजांची राजधानी म्हणून राजगडाची इतिहासाला ओळख आहे. मराठी कादंबरीच्या अभ्यासकाला मात्र तो आणखी एका कारणाने परिचित असतो. गोपाल नीलकंठ दांडेकर यांच्या दुर्गभ्रमंतीतला हा जिव्हाळ्याचा गड असून त्यांच्या ‘वाघरू’ या कादंबरीला राजगडाच्या परिसराची पार्श्वभूमी आहे. गडावर ऐश्वर्य नांदत होते तो काळ सरल्यावरही त्याच्या आश्रयाने राहिलेल्या साध्या माणसाचे जगणे हा या लेखकाच्या आस्थेचा विषय होता. ही आस्था त्यांच्या आयुष्यातून कशी घडत गेली हे पाहणे उद्बोधक ठरते.

दांडेकरांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, सातवीत असताना, स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले. औपचारिक शिक्षण तेथेच संपले. पुढची वर्षे भ्रमंतीची होती. याच काळात त्यांना गाडगे महाराजांचा सहवास लाभला. हाती खराटा घेऊन गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेणारे गाडगे महाराज हे त्यांचे पहिले मोठे विद्यापीठ होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य आणि निरक्षर माणसाच्या शहाणपणाविषयीचा आदर या दोन्ही गोष्टींचे संस्कार या सहवासात झाले असले पाहिजेत. त्यानंतर संतवाङ्मयाचा अभ्यास, नर्मदेची परिक्रमा, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे काम असे टप्पे येतात. १९४७ नंतर लेखन हेच उपजीविकेचे साधन मानून त्यांनी तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड थाटले. भटका माणूस स्थिर झाला तो लेखक म्हणून, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यानंतरच्या काही वर्षांतील निर्मिती विस्मित करणारी आहे. ‘शितू’ (१९५३), ‘पडघवली’ (१९५५), ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५), ‘पूर्णामायची लेकरं’ (१९५७), ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७), ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबऱ्या पाच-सहा वर्षांच्या अवधीत आल्या. त्यांपैकी ‘भ्रमणगाथा’ नर्मदा परिक्रमेच्या अनुभवातून उभी राहिली आहे. तिच्यात लेखकाचे जीवन आणि नायकाचे जीवन जवळजवळ एका वाटेने चालते. परंतु इतर कादंबऱ्यांकडे पाहिले की एक विसंगती जाणवते. घर सोडून देशभर हिंडलेल्या या लेखकाची सर्वांत ठसठशीत पात्रे जागा न सोडणारी आहेत. बुधा मुंबईचे जीवन टाकून राजमाचीवर परततो आणि तेथल्या झाडापाखरांत, जनावरांत स्वतःला विसरून जातो. पवन मावळातला धोंडी तुंग किल्ल्याची पिढीजात हवालदारी प्राणापलीकडे जपतो. पडघवलीची अंबूवहिनी विसकटत चाललेल्या कोकणी गावाची साक्षीदार होते, पण गावाकडे पाठ फिरवीत नाही. पुढे ‘मृण्मयी’ (१९७०) मध्ये विदर्भातून कोकणात आलेली नायिका त्या मातीशी एकरूप होऊ पाहते. या एकाच कादंबरीत लेखकाची जन्मभूमी आणि त्याची ओढभूमी एकत्र आल्या आहेत.

या विसंगतीचा उलगडा जीवनातील घटना व कादंबरीतील प्रसंग यांच्या जोड्या लावून होत नाही. लेखकाने घर सोडले त्या वयात घर म्हणजे काय याची जाणीव नुकतीच उमलत असते. पुढे प्रत्येक मुक्कामी दुसऱ्याची ओसरी, दुसऱ्याची चूल आणि दुसऱ्याची बोली त्याच्या वाट्याला आली. सकाळी निघून जाणाऱ्या पाहुण्याला सर्वांत प्रकर्षाने दिसतो तो मागे राहणारा यजमान. दांडेकरांच्या कादंबरीतील स्थिर माणूस हा अशा पाहुण्याच्या नजरेने टिपलेला यजमान आहे. अनुभव येथे कथानक पुरवीत नाही, तो पाहण्याची जागा ठरवितो.

ऐकण्याच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. पूर्णाकाठची वऱ्हाडी, किनाऱ्यावरची कोकणी वळणाची मराठी, मावळातली रांगडी बोली, ‘जैत रे जैत’ (१९६५) मधील ठाकरांची भाषा, इतक्या बोलींना कादंबरीत सामावून घेणारे मराठी लेखक मोजकेच. यामागे ग्रंथांपेक्षा पायपीट आणि रात्रीच्या गप्पा अधिक आहेत. वीणा देव व विजय देव यांनी या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग केले. या गद्याला मुळातच बोलण्याची लय असल्यामुळे ते मोठ्याने वाचले असता अधिक खुलते.

तथापि पाहुण्याच्या नजरेला मर्यादाही असतात. दांडेकरांनी घर सोडले ते स्वेच्छेने, एका ध्येयाच्या ओढीने. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आली ती पोटासाठी. भातखाचराचा तुकडा कुटुंबाला वर्षभर पुरत नाही, हे त्यामागचे साधे कारण. बुधाचा प्रवास या प्रवाहाच्या नेमक्या उलट दिशेचा आहे. म्हणूनच तो मनाला भिडतो आणि म्हणूनच तो अपवादही ठरतो. स्थैर्याची किंमत अनेकदा स्त्रीला मोजावी लागते, याची नोंद मात्र या कादंबऱ्यांनी प्रामाणिकपणे केली आहे. ज्या गावाच्या सौंदर्यावर लेखक लुब्ध आहे, त्याच गावाच्या रूढीमुळे बालविधवा शितू मृत्यूच्या वाटेला लागते. हा ताण ध्यानात न घेता दांडेकरांना केवळ गतकाळाचे स्मरणरंजन करणारे लेखक म्हणणे अन्यायाचे होईल. भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी त्यांनीच लिहिली. ज्या पवनेच्या खोऱ्यात धोंडी वावरला, तेथेही १९७० च्या दशकात धरणाचे पाणी पसरले. एकाच लेखकाच्या साहित्यात धरण बांधणाऱ्या हातांचा गौरव आणि मातीला चिकटून राहणाऱ्याची निष्ठा शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही त्यांना मनापासून खरी वाटत होती.

आत्मचरित्रात्मक ‘स्मरणगाथा’ १९७३ साली आली व १९७६ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या आधारे आधीच्या कादंबऱ्या उलगडण्याचा मोह अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु येथे क्रम महत्त्वाचा आहे. कादंबऱ्या आधीच्या, आठवणी नंतरच्या. वीस वर्षे पात्रे घडविलेल्या हाताने पुढे स्वतःच्या बालपणाला आकार दिला. त्यामुळे ‘स्मरणगाथा’ हे कादंबऱ्यांचे मूळ साधन न मानता त्यांच्या शेजारची एक कलाकृती म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक होय. आयुष्य कादंबरीला घडविते, तशी कादंबरीही आयुष्याच्या आठवणीला घडविते.

१९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दांडेकरांना लाभले. सातवीत शाळा सोडून निघालेल्या मुलाचा वऱ्हाडाने केलेला हा सन्मान होता. दुर्गांवरची पायपीट त्यानंतरही चालू राहिली. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे तिचे फलित. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. गुंजवणीच्या खोऱ्यात आता धरण झाले आहे, आणि विंझरवरून जाणाऱ्या रस्त्याने राजगडाकडे निघालेल्या पर्यटकांची वर्दळ वाढली आहे. या वाटसरूंना गड दिसतो. गडाच्या कुशीत राहणारा माणूस दिसण्यासाठी त्याच्या ओसरीवर रात्र काढावी लागते. दांडेकरांच्या आयुष्याने त्यांना ती सवय लावली आणि त्यांच्या कादंबरीने ती वाचकाला लावली.