डॉ. भाऊ दाजी लाड आणि लोकवर्गणीचे संग्रहालय

वैद्यक, इतिहाससंशोधन आणि लोकशिक्षण या तिन्ही क्षेत्रांत ज्यांनी कीर्ती मिळविली, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे अल्पचरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहोत.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म गोमंतकातील मांद्रे गावचा. त्यांचे बुद्धिबळातील चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५० साली वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी व्यवसाय आरंभिला व गोरगरिबांवर विनामूल्य उपचार केले. प्राचीन शिलालेख व नाणी यांचा अभ्यास हा त्यांचा दुसरा ध्यास होता.

मुंबईचे पहिले संग्रहालय त्या वेळी कोटातील लष्करी बराकीत होते. १८५७ च्या धामधुमीत सैन्यासाठी जागा रिकामी करताना तेथील वस्तूंची अक्षम्य नासधूस झाली. नाजूक वस्तूंना हक्काचे घर नसले की काय होते, हे शहराने पाहिले. १८५८ साली नागरिकांनी नव्या संग्रहालयाचा संकल्प केला. नाना शंकरशेट, डॉ. बर्डवुड यांच्याबरोबर भाऊ निधी उभारण्याच्या कामास लागले. हिंदू, पारशी, यहुदी अशा सर्व समाजांतील धनिकांनी हात सैल सोडला. १८६२ साली इमारतीचा पाया घातला गेला.

पण १८६५ साली शेअरबाजार कोसळला. देणगीदार बुडाले आणि स्वतः भाऊंचीही मिळकत गेली. त्याच वर्षी नाना निवर्तले. वर्गणीचा ओघ आटल्यावर सरकारी पैशाने काम पुरे करावे लागले व १८७२ साली संग्रहालय लोकांस खुले झाले. १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफपद भूषविलेले भाऊ १८७४ साली दिवंगत झाले.

१९७५ साली संग्रहालयास त्यांचे नाव मिळाले. परंतु नावाने वास्तू टिकत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत मातीच्या प्रतिकृतींचे रंग सुटतात, जुन्या नकाशांचा कागद कुजतो. पुढे वास्तू व वस्तू दोन्ही जीर्ण झाल्या. अखेर २००३ साली महानगरपालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले आणि तज्ज्ञांच्या हातून जीर्णोद्धार होऊन २००८ साली दारे पुन्हा उघडली. म्हणजे सरकारी अंगाला खाजगी दानाची जोड याही वेळी लागलीच.

आम्ही शिक्षक असताना कित्येकदा मुलांना राणीच्या बागेत वाघ-हत्ती दाखविण्यास नेले. शेजारच्या या वास्तूत मात्र एकदाही नेले नाही, याची आज खंत वाटते. भिंती उभारणारे दान एकदाच द्यावे लागते. आतील ठेवा जपणारे दान मात्र प्रत्येक पिढीस नव्याने द्यावे लागते. आपल्या मुलांना घेऊन तेथे जावे व यथाशक्ती हातभार लावावा, हेच भाऊंचे खरे स्मरण होय, असे आम्हांस वाटते.