साखळीचे दुसरे टोक

२४ जानेवारी २०२५ ची सकाळ भंडारा जिल्हा विसरणार नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत खाली आले आणि आठ कामगार प्राणांस मुकले. मदतीची पथके नागपुराहून धावली. अशा वेळी बाहेर ताटकळणाऱ्या आप्तांच्या मनात एकच प्रश्न असतो. खाली आपला माणूस आहे का, आणि असला तर त्याची धुगधुगी उरली आहे का? ढिगारा उपसणाऱ्या यंत्राला हे सांगता येत नाही. शिकवलेल्या कुत्र्याचे नाक मात्र काँक्रीटच्या फटींतून वर येणारा माणसाचा वास ओळखते आणि नेमकी जागा दाखवते.

हे कुत्रे तयार कसे होतात, याचे कुतूहल मला त्या दिवसापासून लागले. वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव लेफ्टनंट कर्नल एडविन हॉटनव्हिल रिचर्डसन. ब्रिटिश सैन्यातील श्वानप्रशिक्षणाचा इतिहास या नावाला वळसा घालून लिहिताच येत नाही.

गोष्ट सुरू होते १८९५ साली स्कॉटलंडच्या माळावर. रिचर्डसन एका मित्राकडे शिकारीला गेले होते. तिथे एक परदेशी गृहस्थ मेंढपाळाकडून कुत्रा विकत घेताना दिसले. चौकशी केल्यावर कळले की हा जर्मन सरकारचा माणूस असून तो जर्मन लष्करासाठी कुत्रे गोळा करतो आहे. आपल्या माळावरचे कुत्रे परक्यांच्या फौजेत चालले आहेत आणि आपल्या फौजेला त्याची गंधवार्ताही नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

सरकार ढिम्म होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चाने काम आरंभले. कार्नूस्टीजवळ पॅनब्राइड येथे राहून ते आणि त्यांची पत्नी कुत्रे शिकवू लागले. जवळच लष्कराची छावणी होती, त्यामुळे सरावासाठी सैनिक आयते मिळत. त्यांचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय होता रुग्णसेवेचा कुत्रा. लढाई थांबल्यावर झुडपांत, खड्ड्यांत, अंधारात पडून राहिलेला जखमी सैनिक शोधायचा आणि त्याच्यापर्यंत माणसांना घेऊन जायचे, हे त्या कुत्र्याचे काम. आजच्या शोध आणि बचाव पथकातील कुत्र्याचा हा पूर्वजच म्हणायचा. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियाने असे कुत्रे मागवले आणि रिचर्डसन यांनी आपले एअरडेल टेरिअर धाडले. पुढे १९११ च्या अबोर मोहिमेत त्यांचा एक पहारेकरी कुत्रा गुरखा पलटणीबरोबर आपल्या ईशान्येच्या जंगलातही जाऊन आला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. ज्यासाठी वीस वर्षे खस्ता खाल्ल्या तो क्षण आला, आणि नेमका तेव्हाच घात झाला. पश्चिम आघाडीवर दोन्ही फौजा खंदकांत समोरासमोर रुतून बसल्या. मधल्या मोकळ्या पट्ट्यात फ्रेंचांनी रुग्णसेवेचे कुत्रे सोडले, तर शत्रूने जखमी शोधणाऱ्या कुत्र्यांवरही गोळ्या झाडल्या. फ्रेंचांना हे काम बंद करावे लागले. जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला या युद्धात जागा नाही, हे रिचर्डसन यांना कबूल करावे लागले.

दुसरा एखादा घरी बसला असता. त्यांनी तीच विद्या दुसऱ्या कामाला लावली. तोफखान्यातील कर्नल विंटर यांना निरोप पोहोचवायला कुत्रे हवे होते. तारा तुटत आणि धावणारे सैनिक मारले जात. ३१ डिसेंबर १९१६ रोजी वुल्फ आणि प्रिन्स हे दोन एअरडेल फ्रान्सला निघाले आणि थीपव्हालच्या बाजूला धुराच्या पडद्यातून साडेतीन किलोमीटरांहून अधिक अंतर कापून त्यांनी निरोप पोहोचवले. एक कुत्रा पोहोचला म्हणजे एका सैनिकाची ती जीवघेणी धाव वाचली. १९१७ मध्ये युद्धखात्याने शूबरीनेस येथे श्वानशाळा काढून ती रिचर्डसन यांच्या हाती दिली.

विद्यार्थी कोण, तर बॅटरसीच्या अनाथ कुत्र्यांच्या आश्रमातले बेवारस कुत्रे. ते पुरेनात तेव्हा इतर शहरांतले आले, आणि शेवटी लोकांनी घरचे कुत्रे दिले. नवरा आणि मुलगे आघाडीवर पाठवलेल्या एका बाईने उरलेला कुत्राही देऊन टाकला होता.

शिकवण्याची पद्धत साधी होती. निरोप्या कुत्र्याचा सांभाळणारा, ज्याला आपण आज श्वान हस्तक म्हणतो, तो तळावर थांबे. दुसराच सैनिक कुत्र्याला दूर नेऊन सोडी. कुत्रा परत धावे तो केवळ आपल्या माणसाच्या ओढीने. वाटेत काटेरी तारा, पाणी, धूर आणि बंदुकांचे बार, अशा अडचणी क्रमाक्रमाने वाढवत. पोहोचला की कौतुक आणि खाऊ. चुकला, रेंगाळला तर मार नाही. शांतपणे मागे न्यायचे आणि पुन्हा सोडायचे, एवढेच. मारलेला कुत्रा परत येण्याची वाट विसरतो, हे रिचर्डसन यांनी ओळखले होते.

म्हणून त्यांची खरी चाळणी होती ती माणसांसाठी. मेंढपाळ आणि शिकारखान्यातले नोकर त्यांना पसंत असत, पण जन्मभर कुत्र्यांत वावरणे एवढ्यावर ते कोणाला उत्तीर्ण करीत नसत. माणूस प्रामाणिक हवा, कारण तळावर त्याच्यावर नजर ठेवायला कोणी नसते. तो संयमी हवा आणि मुक्या जिवाबद्दल त्याला मनापासून माया हवी. ज्याच्यात हे दिसत नसे त्याची रवानगी परत पलटणीत होई. फ्रान्समधल्या प्रत्येक पुढच्या तळावर सोळा माणसे आणि अठ्ठेचाळीस कुत्रे असत, म्हणजे एका माणसाच्या भरवशावर तीन जीव. खंदकातले सैनिक प्रेमाने कुत्र्यांना बिस्किटे चारत, तेव्हा तीही हुकमाने बंद करावी लागली. जिथे तिथे लाड झाले की घराची ओढ सुटते.

हे वाचताना मला माझी बँकेतली एक सही आठवली. कोका जंगलाच्या कडेच्या एका गावचा गुराखी शेळ्यांसाठी कर्ज मागायला आला होता. त्याचा कुत्रा बँकेच्या दाराशी बसला तो दोन तास हलला नाही. ना साखळी, ना दरडावणे. त्या माणसाचे कागद अपुरे होते, म्हणून मी अर्ज परत केला. नियमाने मी बरोबर होतो. पण माणूस पारखायला मी शिकलोच नव्हतो, आणि त्या कुत्र्याने दिलेला दाखला मी वाचला नाही, ही रुखरुख निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

असो. युद्ध संपले आणि रिचर्डसन यांनी आपले अनुभव १९२० साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांचे मूळ स्वप्न मात्र पुरे झाले ते दुसऱ्यांच्या हातून. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर उडते बाँब पडू लागले, तेव्हा जेट आणि इर्मा हे अल्सेशियन कोसळलेल्या घरांखालची माणसे शोधू लागले. मार्गारेट ग्रिफिन या बाईंची इर्मा तर खाली माणूस जिवंत असल्यास एका सुरात भुंके आणि मृत असल्यास वेगळ्या सुरात. १९४५ साली दोघांनाही प्राण्यांना शौर्यासाठी मिळणारे डिकिन पदक मिळाले. तेव्हा रिचर्डसन ऐंशी ओलांडलेले होते. १९४८ साली ते गेले.

शोधकार्याच्या परीक्षा आज जोडीने होतात. कुत्रा ढिगाऱ्यावर चढून भुंकला, तरी ते भुंकणे हस्तकाला वाचता आले नाही तर दोघेही नापास. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या राज्यात पुण्याजवळच्या सुदुंबरे येथे आहे. तिथून भंडारा गाठायचे म्हणजे अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा. स्लॅबखाली अडकलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. आमच्या जिल्ह्यात धरण आहे, खाणी आहेत, दारूगोळ्याचा कारखाना आहे. जंगलाच्या कडेने जनावरांशी नुसत्या शिटीने बोलणारी पोरेही आहेत. कुत्रे बाहेरून विकत आणता येतील. साखळीचे दुसरे टोक धरणारा हात मात्र इथेच, पुढचे छत कोसळण्याच्या आधी, शोधून ठेवावा लागेल.