एकट्याचे मत

१८७६ साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, ते लोकांनी निवडून दिले म्हणून नव्हे, तर सरकारने नेमले म्हणून. नेमणुकीच्या सभागृहात विरोधाचा सूर सहसा उमटत नाही. शिवाय जोतीराव सरकारी बांधकामांचे कंत्राटदार. वरिष्ठांचा रोष त्यांना परवडणारा नव्हता.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा तोच लिटन, ज्याने दोनच वर्षांपूर्वी देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले होते. करदात्यांचा पैसा कमानी-पताकांत उधळण्याऐवजी गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असा जोतीरावांचा आग्रह होता. ३२ सभासदांत विरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे! रक्कम तशी किरकोळ, परंतु ती कोणाच्या खिशातून जाते हा प्रश्न किरकोळ नव्हता.

पुढे भाजीबाजारासाठी भव्य इमारत बांधण्याचा बेत निघाला. तेथेही त्यांनी शिक्षणाची निकड पुढे करून विरोध नोंदविला. तोही निष्फळ ठरला. १८८६ साली ‘रे मार्केट’ थाटाने उभे राहिले. पुणेकर आज त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई म्हणतात.