डॉ. होमी भाभा आणि इलेक्ट्रॉनचा वेध

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. त्यांनी तसे वडिलांना स्पष्ट कळविले. पण अभियांत्रिकीची परीक्षा १९३० मध्ये प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन मगच ते आपल्या वाटेने गेले.

ती वाट इलेक्ट्रॉनची होती. इलेक्ट्रॉनचा मार्ग वळला किंवा वेग बदलला, की तो प्रारण बाहेर टाकतो. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण देतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते. तीही पुन्हा किरण देते. अशा रीतीने वातावरणात कणांचा वर्षाव होतो. १९३७ मध्ये भाभा व वॉल्टर हाइटलर यांनी हे कोडे गणिताने उलगडले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या वास्तव्यात मायभूमीतच विज्ञान रुजविण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली.

आकाशातील चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती मळसूत्राप्रमाणे फिरतात व रेडिओ लहरी देतात. त्यांची दाटी झाली, की त्या लहरी तेच शोषूनही घेतात. म्हणूनच कोणती लहर किती क्षीण झाली, हे मोजून दूरच्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. हे मोजमाप भारतात व्हावे म्हणून परदेशातील चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी मायदेशी परतण्याची तयारी कळविली. जानेवारी १९६२ मध्ये भाभांनी तारेने होकार दिला. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये संस्थेत आले. दादरहून लोकलने सहज गाठता येणाऱ्या कल्याणजवळ १९६५ मध्ये ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण सूर्याच्या रेडिओ लहरी टिपू लागली.

पुढच्याच वर्षी, २४ जानेवारी १९६६ रोजी, आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभांचे निधन झाले. १९७० मध्ये पूर्ण झालेली उटीची दुर्बीण त्यांना पाहता आली नाही. नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही नाहीत. परंतु तरुणांच्या एका पत्रावर त्यांनी टाकलेल्या विश्वासातूनच हे सारे उभे राहिले. विद्यार्थी मित्रांनी खोडदला अवश्य जावे आणि त्या विश्वासाचे फळ डोळ्यांनी पाहावे.