अणू न मानणारा केमिस्ट: विल्हेल्म ओस्टवाल्ड

तुमच्या बाइकच्या सायलेन्सरमध्ये प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. विषारी धूर त्यावरून जाताना बराच कमी घातक होतो, धातू मात्र जिथल्या तिथे. हाच उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट. तो नेमकं काय करतो हे ज्याने स्वच्छ मांडलं, त्या विल्हेल्म ओस्टवाल्डबद्दल आज लिहितोय. मला तो आवडतो त्याचं कारण जरा विचित्र आहे. एवढा मोठा केमिस्ट, पण बरीच वर्षं अणूच मानत नव्हता!

जन्म १८५३ चा, रीगाचा. आज ती लॅटव्हियाची राजधानी, तेव्हा रशियन साम्राज्यात होती. १८८७ मध्ये तो जर्मनीतल्या लाइपझिगला प्राध्यापक झाला. तोवर उत्प्रेरकात काहीतरी गूढ शक्ती असते असं मानायचे. ओस्टवाल्ड म्हणाला, तसं काही नाही, तो फक्त वेग बदलतो. रिॲक्शन कुठे जाऊन थांबणार, हे त्याच्या हातात नसतं. आपण आज हे घाटावरून समजावतो: पलीकडचं गाव तेच, पण उत्प्रेरक उंच घाटाऐवजी खालची खिंड दाखवतो.

१९०० मध्ये त्याने नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या लोखंडावरून नेले. अमोनिया मिळाला! त्याने हा शोध बीएएसएफ कंपनीला देऊ केला. तिथल्या कार्ल बॉश या नवख्या पोराने तपासलं, तर तो अमोनिया लोखंडात आधीच असलेल्या नायट्रोजनपासून आलेला. ओस्टवाल्डला माघार घ्यावी लागली. गंमत बघा, १९१३ मध्ये बॉशनेच अमोनियाचा कारखाना उभा केला, आणि त्यातला उत्प्रेरक लोखंडाचाच होता.

ओस्टवाल्डचं दुसरं काम मात्र टिकलं. प्लॅटिनमवर अमोनियापासून नायट्रिक ॲसिड बनवायची त्याची पद्धत (पेटंट १९०२) अजून चालते. त्यातून खत होतं, तशी स्फोटकंही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ती दुसऱ्या कामाला भरपूर वापरली.

अणूंचं काय? पाण्यात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांवर झाँ पेरँने केलेले प्रयोग पाहून त्याने हट्ट सोडला, तोही जाहीरपणे. वयाच्या पन्नाशीनंतर हे किती जणांना जमतं? १९०९ मध्ये त्याला नोबेल मिळालं, ते उत्प्रेरकांवरच्या कामासाठी.

तो १९३२ मध्ये गेला. त्याच्या हयातीतच, १९२७ मध्ये, फ्रीड्रिश हुंडने रेणूंबाबत एक अजब गोष्ट दाखवली होती: डोंगर चढायची ताकद नसलेला कण कधीकधी थेट पलीकडे सापडतो. हेच क्वांटम टनेलिंग. बोगदा कुणी खणलेला नसतो, नावावर जाऊ नका. कण जितका हलका, तितकं हे सोपं, म्हणून केमिस्ट्रीत हायड्रोजन यात पुढे. १९८९ मध्ये ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटाने यीस्टमधल्या एका एन्झाइमवर हे तपासलं. एन्झाइम म्हणजे जिवंत पेशीतला उत्प्रेरकच. हायड्रोजनच्या जागी त्याची जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, बसवून त्यांनी वेग मोजले. नुसता घाट चढण्याच्या हिशोबात ते आकडे बसेनात, टनेलिंग धरल्यावर बसले.